पाच इथे, पाच तिथे

एप्रिलमध्ये शाळा सकाळची होते आणि दुपारचं काय करायचं ते मुलांना कळत नाही. मार्गासनीतल्या माझ्या घराची पडवी तेवढ्यासाठी मोकळी असते. सदतीस वर्षं शिकवून निवृत्त झाले, तरी दुपारी चार मुलं समोर नसली की मला जेवण पचत नाही. कुणी चित्रं काढतं, कुणी पुस्तक घेऊन भिंतीला टेकतं. माझा भाचा सौमित्र याने पुण्याहून एक जुना लॅपटॉप आणून दिलाय, त्यावर पाळीपाळीने अर्धा-अर्धा तास बसायला मिळतं.

त्यात सौमित्रने वस्ती वसवायचा एक खेळ घालून ठेवला होता. घरं बांधायची, घरात माणसं ठेवायची. माणसं जेवतात, झोपतात, कामाला जातात, लग्नं करतात. त्यांना मुलं होतात, मुलं मोठी होतात, मोठी म्हातारी होतात. बाकीच्या मुलांनी दोन दिवस राजवाडे बांधले आणि कंटाळून सोडून दिलं. सहावीतली वैष्णवी मात्र चिकटून बसली, कारण तिने राजवाडा नाही, स्वतःचं घर बांधलं होतं. गोठ्यासकट.

एक दिवस ती चिडून म्हणाली, "बाई, ह्यो खेळ लई खोटा हाय."

"का गं?"

"एका घरात आठच मानसं घेतो. आमी धा हाये!"

तिने बोटांवर मोजून दाखवलं. आबा आणि आजी. थोरला चुलता गोरख, त्याला ती तात्या म्हणते, आणि काकी, आणि त्यांची दोन मुलं, त्यातली थोरली ताई. मग तिचे पप्पा हनुमंत, मम्मी, ती स्वतः आणि दोन वर्षांचं बाळ.

"मग आता कसं करणार?"

"दोन घरं करनार. पाच हितं, पाच तितं. आबा तात्याकडं, आजी आमच्याकडं. बराबर जमतंय."

इतक्या चटकन सांगितलं की मला शंका आली. "हे तू ठरवलंस?"

"न्हाई. घरी ठरलंय." तिची नजर पडद्यावरच होती. "तात्या आखाजीला भोरला ऱ्हायला चालल्यात. ताईचं कॉलेज हाय ना तितं. आबांचा गुडगा दुकतो, मंग डाक्तर जवळ पायजे, म्हनून ते तात्यासंगं. आनि बाळाला बगाया मानूस पायजे, मम्मी रानात जाती, म्हनून आजी हितंच."

गोरख आणि हनुमंत दोघेही माझ्या हाताखालून गेलेले. गोरख पेरू मोडला की दोन्ही फोडी डोळ्यांसमोर धरून बघायचा, आणि मोठी वाटेल ती भावाला द्यायचा. आता तो भोरला एका कचेरीत कारकून आहे. रोज नसरापूरला गाडी बदलून जातो-येतो. वाईट पोरगा नाही. थोरल्याने एकाला सांभाळायचं, धाकट्याने एकाला, म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा नको, असा त्याचा हिशेब असणार. आमच्या भागात हे नवीनही नाही. वाटण्या झाल्या की आई एका मुलाकडे, वडील दुसऱ्याकडे, आणि त्याला सगळे चांगलंच म्हणतात.

वैष्णवीची खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. त्या खेळात एका वेळी एकच घर आपल्या हातात असतं. एकात लक्ष घालावं तर दुसऱ्यातले दिवसही पुढे सरकत असतात. ती भोरच्या घरात काकीचा स्वयंपाक करून परत येईपर्यंत इकडे बाळ रडत बसलेलं, पप्पांची नोकरी गेलेली.

"पप्पांची नोकरी?" मी विचारलं.

"खेळात शेती न्हाई, बाई. पप्पा आचारी हायेत."

आमची शाळा दोन शिक्षकांची होती. एका खोलीत पहिली, दुसरी आणि तिसरी एकदमच बसायची. तेव्हा जे करत होते तेच तिला शिकवलं. तिसरीला गणितं घालून द्यायची आणि मग पहिलीजवळ बसायचं. उठण्याआधी प्रत्येकाच्या हाताला काम आहे ना, तेवढं बघायचं. जो वर्ग सगळ्यांत लहान, त्याच्याकडे सगळ्यांत आधी परतायचं. वैष्णवीने ते चार दिवसांत उचललं. घर सोडण्याआधी ती सगळ्यांना जेवू घालायची, बाळाला निजवायची, मगच दुसऱ्या घरी जायची. तिच्या वस्तीत दिवस भराभर गेले. ताई शिकून नोकरीला लागली, बाळ दप्तर घेऊन शाळेत जायला लागलं.

फक्त आबांचं जमेना.

प्रत्येक माणसाच्या नावाखाली एक पट्टी असते. माणूस खुशीत असला की ती हिरवी, नसला की लाल. आबांची लालच. वैष्णवीने त्यांना मोठा पलंग घेतला, टीव्ही घेतला, रोज कोंबडी खाऊ घातली. पट्टी लाल ती लाल. आणि एक विचित्र गोष्ट व्हायची. ती आजीच्या घरात गेली की दर वेळी आबा त्या घराच्या फाटकाबाहेर उभे दिसायचे.

"मी न्हाई पाठवलं, बाई. आपलं आपनच चालत येत्यात."

"मग आता एक-एक गोष्ट बदलून बघ," मी म्हटलं. "दोन गोष्टी एकदम बदलल्यास तर कशाने फरक पडला ते कळणार नाही."

तिने आधी दोघांना भोरच्या घरात ठेवलं. आबा हिरवे झाले. आजी दोन दिवस बरी होती, मग लाल. तिची वांग्यांची झाडं इकडे राहिली होती. मग दोघांना इकडच्या घरात ठेवलं. दोघंही हिरवी. पण वैष्णवीनेच मान हलवली.

"ह्ये चालनार न्हाई. सा आनि चार झाले. तात्या म्हनत्यात, सगळा भार धाकट्यावर टाकला असं लोक म्हंतील."

तिने दोघांना परत आपापल्या जागी ठेवलं. पाच इथे, पाच तिथे. मला ते बघवेना, पण मी तिचा हात धरला नाही. मूल उत्तरापर्यंत पोचत असताना मध्ये बोललं की ते आपलं तोंड बघायला लागतं आणि पाटी बघायची सोडतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सहा दिवस राहिले असताना आबा स्वतःच तिला न्यायला आले. मानसिंग आबा, शहात्तर वर्षांचे, एका हातात काठी. भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळा जाळायचे, राब भाजायचे दिवस होते, टोपीवर राखेचे कण. पडवीच्या पायऱ्या चढायला त्यांना दोनदा थांबावं लागलं.

"बाई, आमची कारबारीन हाय का हितं? म्हशीला पानी दावायचंय."

"दोन मिंटं, आबा!"

आबा माझ्या खुर्चीवर टेकले आणि लॅपटॉपकडे बघायला लागले. "ह्ये म्हातारं कोन गं?"

"तुमीच हाय."

"मी? टोपी कुठाय माजी?"

"टोपी मिळत न्हाई त्यात."

"बिनटोपीचं हुबं केलंस व्हय मला रस्त्यावर!" आबा हसले. मग जरा पुढे वाकले. "त्यो फाटकाशी कशापायी थांबलाय? आत का जात न्हाई?"

"जाता येत न्हाई, आबा. तुमी त्या घरातलं न्हाई ना आता. घंटी वाजवायची. आजीनं दार उगडलं तरच आत जायचं."

"आन् आत जाऊन?"

"बसायचं. गप्पा मारायच्या. जेवन घेता येत न्हाई, पलंगावर निजता येत न्हाई. पावनं हायसा तुमी."

आबांचं हसू तसंच राहिलं, पण त्यात आता काही नव्हतं. पडद्यावरचा म्हातारा एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत उभा होता. आत आजी स्वयंपाकघरात भांडी घासत होती.

"किती दिस ऱ्हायल्यात त्याचं?" आबांनी विचारलं.

"बाकीच्यांचं दिस दावतो खेळ. बाळाचं, ताईचं, पप्पांचं. म्हाताऱ्यांचं न्हाई दावत."

"त्ये ब्येस करतोय." आबांनी पडद्यावरच्या म्हाताऱ्याकडे काठी केली. "त्याला इचारलं व्हतंस का, कुठं ऱ्हातू म्हनून?"

"खेळात इचारत न्हाईत, आबा. आपन उचलून ठेवायचं."

आबा उठले. काठी टेकत पायऱ्या उतरले आणि म्हशीचं नावही न काढता निघून गेले. वैष्णवी घाबरली. "बाई, आबा रागावलं का?"

"तुझ्यावर नाही," मी म्हटलं. "जा, म्हशीला पाणी दाखव."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोरख माझ्या दारात. "बाई, आबा काय ऐकंनात. तुमी चला आन् सांगा त्यांना."

मी गेले. ओसरीवर सगळे होते. हनुमंत खाली मान घालून बसला होता, त्याची आई सगुणाबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. आबा खांबाला टेकले होते.

"पुन्यांदा सांगतो," आबा म्हणाले. "आमी दोगं मागच्या खोलीत ऱ्हानार. आमचं आमी शिजवून खानार."

गोरखचा चेहरा उतरला. "दोन लेक असताना आईबापानं येगळी चूल मांडायची? लोक तोंडात श्यान घालत्याल आमच्या!"

"घालू देत," सगुणाबाई सुपातून नजर न काढता म्हणाल्या. "चूळ भरून या मंग आमच्याकडं जेवाया."

हनुमंतला हसू आलं, ते त्याने खोकल्यात लपवलं.

"आये, चेष्टा नको. आबा, तुमच्या गुडग्याला डाक्तर लागतो. भोरला घरापासनं चार पावलांवर हाय."

"डाक्तर म्हैन्यातनं एकदा बगतो. गुडगा रोज दुकतो. रोज त्येल कोन चोळतं?"

"चारचौगांत काय बोलताय!" सगुणाबाईंनी पदर पुढे ओढला. सूप मात्र थांबलं होतं.

गोरख माझ्याकडे वळला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "बाई, मी निगून जायचं आन् दोगांना हनुमंतावर सोडायचं? त्यानंच करायचं सगळं? मला त्ये जमनार न्हाई."

तो रडवेला झाला होता. म्हणजे एवढे दिवस त्याला लोकांची भीती नव्हती, निदान नुसती लोकांची नव्हती. घर सोडून जाणारा आपण, याचंच त्याला वाईट वाटत होतं, आणि वडिलांना बरोबर नेलं की ते थोडं कमी होईल असं त्याने धरलं होतं.

"गोरख, दोघांना विचारलं होतंस?" मी म्हटलं.

"न्हाई, बाई."

"मग आता विचार."

पन्नाशीला आलेला तो माणूस आईसमोर उकिडवा बसला. आईला असं काही विचारायची सवय नसल्यामुळे त्याला शब्द सापडेनात. शेवटी म्हणाला, "आये, तुला कसं पायजे?"

सगुणाबाईंनी तांदळातला एक खडा उचलून अंगणात टाकला. "ह्यांच्याबरूबर पायजे. दुसरं काय. भोरला येऊ की, न्हाई कुठं म्हनलंय? डाक्तरच्या दिशी येऊ, चार दिस ऱ्हाऊ. पन दोगं येनार. आन् बाळाला मी मागच्या खोलीतनं बी बगंन, हाय कितीसं लांब? हाक मारली तर ऐकू येतं."

"मग येगळी चूल कशाला, आये?" हनुमंतने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "आमच्यातच जेवा."

"अरं, एका चुलीवर बसलो की आमी तुज्यात आलो. मग ह्यो म्हननार, धाकट्याच्या ताटात हायेत." त्यांनी सुपानेच गोरखकडे बोट केलं. "आमी कुनाच्यातच न्हाई. आन् तुमी दोगंबी आमच्यात."

गोरख उठला, मागच्या खोलीकडे गेला आणि आतून त्याचा आवाज आला, "हनुमंता, हितली औतं काढाया लागत्याल. आन् पत्र्याला एक भोक हाय बग."

आखाजीला भोरच्या घरात दूध उतू घातलं, तेव्हा आबा-आजी दोघंही गेले आणि चार दिवसांनी परत आले. तोवर हनुमंतने मागच्या खोलीला चुना दिला होता. शेगडी गोरखने आणली. पहिल्याच दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं, एकदा आजींनी आणि एकदा मदत म्हणून आबांनी, आणि त्यावरून दोघं संध्याकाळपर्यंत भांडत होते, असं वैष्णवीने मला सांगितलं. लोक बोललेच. दुकानावर एकाने हनुमंतला टोमणाही मारला. हनुमंतने त्याला आईचा निरोप दिला, चूळ भरून जेवायला यायचा.

खेळात वैष्णवीने दोन घरांच्या मध्ये एक लहान घर बांधलंय. तिचं काम आता वाढलंय. तीन घरं सांभाळायची, तिन्हीकडे कुणी ना कुणी वयात येतंय, कुणाचं लग्न ठरतंय. ती कुरकुरते, पण पाळी सोडत नाही.

जून उजाडला तेव्हा मी वेल्ह्याच्या रस्त्यावर एसटीची वाट बघत उभी होते. माझी गाडी यायची होती. नसरापूरकडे जाणारी समोरून गेली. तिसऱ्या खिडकीत आबा बसले होते, शेजारी सगुणाबाई. डॉक्टरांचा दिवस होता. धूळ आत येतेय म्हणून त्या आबांच्या अंगावरून हात घालून काच ओढत होत्या, आणि आबा काच धरून बसले होते, सोडत नव्हते.