सीटखाली काही ठेवू नये

"सर, या गाडीत तुम्ही तुमच्या स्वतःच्या मुलीला बसवाल का?"

तोफेनं विचारलं आणि सभागृहात एकच हशा पिकला, कारण व्यासपीठावरचे सर तिचेच बाबा होते. वक्तृत्वाची ढाल जिंकल्यापासून सगळी शाळा तिला तोफ म्हणायची आणि तीही नावाला जागून दिवसातून दोनदा तरी धडाडायची. आजचं आव्हान तिच्या मैत्रिणीचं, कात्रीचं होतं. "नाही विचारलंस तर उद्यापासून तू फुसका बार," असं ती म्हणाली होती, आणि कात्रीची जीभ एकदा चालली की बारसं झालंच म्हणून समजावं. प्रश्न मात्र तिसऱ्या मैत्रिणीचा, मुंगीचा होता. मुंगीनं वर्गात कधी हात वर केला नव्हता. तिनं तो हळूच तोफेच्या कानात घातला होता आणि आता मान खाली घालून ती बुटाची बांधलेली नाडी पुन्हा सोडत होती.

बाबाही हसले. त्यांनी आणलेली पत्र्याची छोटी गाडी टेबलावर पोट वर करून पडली होती. गेला अर्धा तास ते त्या पोटाबद्दलच बोलत होते. पूर्वी, कुठल्या कुठल्या दूरच्या युद्धांत, सैनिक साध्या ट्रकमध्ये वाळूची पोती अंथरून बसत. चाकांत हवेऐवजी पाणी भरत. तरी सुरुंग फुटला की सपाट तळ सगळा दणका अंगावर घेई, आणि तळाबरोबर माणसंही. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, गाडीचं पोट होडीसारखं निमुळतं केलं तर? दणका दोन्ही अंगांनी निसटून जाईल. चाकं उडतील, उडू देत. "चाक पुन्हा बसवता येतं," बाबा म्हणाले होते, आणि मुख्याध्यापिकांनी मान डोलावली होती.

"बसवीन की," आता ते म्हणाले. "शनिवारी शाळा सुटली की थेट कारखान्यात या. तुझ्या मैत्रिणींनाही आण. आमच्या गाडीत आजवर एकही माणूस दगावलेला नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तोफ अशी खाली बसली, जणू गाडी तिनंच बनवली होती.

"झालं," कात्री पुटपुटली. "आता आठवडाभर हिचे पाय जमिनीला लागायचे नाहीत."

मुंगी अजून नाडीच बांधत होती.

शनिवारी तिघी दप्तरांसकट कारखान्याच्या फाटकाशी हजर झाल्या. बाबांनी त्यांच्या डोक्यावर पिवळी शिरस्त्राणं चढवली. मुंगीचं तर नाकावरच आलं. आत ताज्या रंगाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास कोंदला होता, आणि मधोमध नव्यानं रंगवायला परत आलेली ती गाडी उभी होती, उंच, बोजड, चिखलाच्या रंगाची. कामगार तिला म्हैस म्हणत.

"साहेब, म्हशीला पाहुण्या आणल्यात होय?" म्हातारा फोरमन हात पुसत पुढे आला. "या पोरींनो, शेपटीकडून चढा. शिंगांकडून दार नाही हिला."

मागच्या दारातून त्या आत शिरल्या. आत बोळासारखी अरुंद जागा होती, दोन्ही बाजूंना सीटा, तळहाताएवढ्या जाड काचा. सीटा तळावर ठेवलेल्या नव्हत्या. त्या छतापासून पट्ट्यांनी टांगलेल्या होत्या.

"अय्या, झोपाळे!" कात्रीनं एक पकडला.

"झोपाळेच," बाबा खुशीत म्हणाले. घरी दिवसभर चार शब्द बोलणारा माणूस इथं खुलत होता. "तळाला दणका बसला तरी तो बसणाऱ्यापर्यंत पोचायला नको. म्हणून सीट वर टांगलेली. दणक्यासरशी ती वीतभर खाली येते, जोर पट्ट्यांत जिरतो आणि पाठीचा मणका वाचतो. बसा ना. बघा बसून."

तोफ बसली. पट्टे खांद्यांवरून ओढून कमरेशी अडकवले. समोर बसलेल्या मुंगीचे गुडघे तिच्या गुडघ्यांना लागत होते. मांडीवरचं दप्तर पट्ट्यांत अडकत होतं, म्हणून तिनं ते खाली सोडलं आणि टाचेनं सीटखाली ढकललं.

"काढ ते!"

बाबा केवढ्यांदा ओरडले! पत्र्याच्या त्या बोळात आवाज कानशिलावर बसला. त्यांनी स्वतःच गुडघे टेकून दप्तर ओढून काढलं, तिच्या मांडीवर ठेवलं आणि मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "सीटखाली काही ठेवायचं नसतं. खाली यायला तिला मोकळी जागा लागते. मध्ये सामान आलं तर सीट त्याच्यावर आपटते, आणि मग सगळा दणका थेट मणक्यात."

"दादानं पिशवी ठेवली होती," मुंगी म्हणाली.

मुंगीचा दादा सैन्यात होता आणि दोन वर्षांपूर्वी चाकांच्या खुर्चीतून घरी आला होता, हे तोफेला आणि कात्रीलाही ठाऊक होतं. दारात बसून तो त्यांच्या सायकलींच्या निसटलेल्या चेन चढवून द्यायचा. सुरुंग लागला, एवढंच तोफेनं ऐकलं होतं. तो कुठल्याशा ट्रकमध्ये असेल, असं तिनं आपलं धरून ठेवलं होतं.

"अशाच गाडीत?" तिनं विचारलं.

"अशाच." मुंगीनं डोक्यावरचं शिरस्त्राण मागं सारलं. "चौकशीवाले म्हणाले, सूचना लावलेली असताना सामान खाली ठेवलं, म्हणजे चूक ह्याचीच. तोही तेच म्हणतो. आईनं नुसतं पाणी नेऊन दिलं तरी म्हणतो, माझ्या मूर्खपणाची चाकरी करतेयस."

कात्रीनं हातातला पट्टा सोडून दिला.

बाबांनी रुमाल काढून एक बक्कल पुसायला घेतलं. ते आधीच लखलखीत होतं. "वाईट झालं," ते म्हणाले. "सूचना मोठी आहे तशी." दाराच्या वर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं: सीटखाली काही ठेवू नये.

तोफेनं ते वाचलं. मांडीवरचं दप्तर उचलून डावीकडे धरलं, उजवीकडे धरलं. डावीकडे कात्रीचा खांदा होता, उजवीकडे पत्रा.

"मग ठेवायचं कुठं?"

"काय?"

"सामान. सैनिकांकडे माझ्या दप्तरापेक्षा मोठं असेल ना? ते कुठं ठेवायचं?"

हा प्रश्न तिला कुणी विचारायला सांगितला नव्हता. बाबा दाराकडे बघू लागले. दाराच्या दोन्ही अंगांना शेवटच्या दोन सीटा टांगल्या होत्या आणि त्यांच्या मागच्या पत्र्यावर, रंगाखाली, बुजवलेल्या भोकांची ओळ दिसत होती.

"तिथं पूर्वी जाळीची मांडणी होती की," फोरमन दारातून डोकावून म्हणाला. "छान राहायचं सामान. नाही का साहेब?"

"तुम्ही रंगाचं काय झालं ते बघा जरा," बाबा म्हणाले. फोरमनचं डोकं नाहीसं झालं.

परतताना बाबांनी तिघींना घरच्या गाडीतून आणलं. आपल्या कोपऱ्यावर उतरताना मुंगीनं दार हलकेच लावलं आणि खिडकीशी वाकून म्हणाली, "थँक्यू काका. गाडी चांगली आहे."

घरी आई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. बाबा मोरीत हात धूत राहिले, फारच वेळ धूत राहिले.

"मांडणी कुणी काढली?" तोफेनं तिथंच जाऊन विचारलं.

"आल्या आल्या कसली मांडणी ग?" आई म्हणाली. "बाबांना जरा टेकू दे."

बाबांनी नळ बंद केला. "आठ जणांची गाडी होती. सैन्यातल्या खरेदीवाल्यांना दहा जणांची हवी झाली. लांबी वाढवायची नाही, वजन वाढवायचं नाही. दोन सीटांपुरती जागा एकाच ठिकाणी निघत होती."

"आणि सामान?"

"मांडीवर धरावं, असं ठरलं."

"पट्टे बांधून? तासन्‌तास?"

बाबा टॉवेल शोधू लागले. तो त्यांच्या खांद्यावरच होता. "मी बोललो होतो बैठकीत. म्हटलं, माणसं दमली की खाली सरकवणारच. ते म्हणाले, मग सूचना लावा." ते थांबले. "लावली."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मुंगीच्या दादानं पिशवी सीटखालीच ठेवली होती."

"कुणी मेलं नाही त्यात," बाबा म्हणाले. हेच वाक्य सभागृहात किती खणखणीत वाजलं होतं. इथं ते मोरीच्या पलीकडेही गेलं नाही.

आईच्या हातातला सदरा अर्धवट घडीत राहिला. ती बाबांकडे बघत होती. मग ती तोफेकडे वळली.

"हे बघ, त्या पोराला आता हे कळून काय उपयोग आहे? पाय परत येणार आहेत का? उगाच झाकली मूठ उघडायची. बाबांची नोकरी आहे, आपलं घर आहे. आणि मुंगी? ती तुझं तोंड तरी बघेल का नंतर?"

"नाही बघणार बहुतेक," तोफ म्हणाली.

ढाल जिंकली तेव्हा आवाज कुठं चढवायचा, कुठं थांबून सभेकडे बघायचं, हे सगळं तिला पाठ होतं. आत्ता त्यातलं काहीच जवळ आलं नाही. हातांचं काय करावं ते कळत नव्हतं, म्हणून तिनं आईच्या हातातला सदरा घेतला आणि त्याची घडी पुरी केली.

"उद्या सकाळी मी मुंगीकडे जाणार आहे. दादाला सांगणार आहे की पिशवी ठेवायला दुसरी जागाच नव्हती. आधी होती, ती काढून घेतली. कुणी आणि का, तेही सांगणार आहे." तिनं सदरा बाबांच्या कपड्यांवर ठेवला. "बाबा, तुम्ही येत असाल तर तुम्हीच बोला, मी बाहेर सायकलीपाशी थांबेन. नाही आलात तर मी बोलणार आहे."