बक्कल वर आलं त्या दुपारी

मी कमोडचा पंप बोलतोय. नाक दाबू नका, सध्या मी अगदी स्वच्छ आहे.

माझा जन्मच मार खात झाला. तापलेल्या साच्यात रबर दाबलं, कडा कापल्या आणि ठोकून ठोकून लाकडी दांडा बसवला. वाटलं, झाले भोग भोगून.

हार्डवेअरच्या दुकानात मी खिळ्याला लटकत होतो. एका दुपारी एक बाई धापा टाकत आली. फुटलेल्या ओठावर रुमाल, हातात माझा चुलतभाऊ, सपाट वाटीचा.

"भाऊ, याने निघत नाहीये. उलट घाण पाणी अंगावर आलं."

"वहिनी, हा बेसिनचा!" दुकानदार हसला. "कमोडचं भोक खोल. त्याला असा गळावाला लागतो." त्याने माझ्या वाटीत दुमडलेला रबरी गळा बाहेर काढून दाखवला. "दाबायचं हळू, ओढायचं जोरात. दांडाही लाकडी आहे बघा."

दांड्याकडे बघून ती थबकली. "प्लास्टिकचा नाही का? हलका?"

"संपलेत. अहो, घरात वस्तू कशी दणकट असावी."

"साडेपाचच्या आत निघेल ना? तेव्हा हे येतात."

घरी सात वर्षांची लेक बाथरूमच्या दाराला चिकटून उभी होती.

"काय टाकलंस गं आत? मी रागावणार नाही."

लेक दाराआड सरकली.

बाईने देवाचं नाव घेतलं आणि मला आत बसवलं. हळू दाब, जोरात ओढ. तिच्या पाठीत कळ येई, की ती डोळे मिटून थांबे आणि पुन्हा ओढी. किती वेळाने कोण जाणे, पाणी गपकन खाली गेलं. वर आलं एक पितळी बक्कल. बाईने ते धरून ओढलं, तर मागोमाग नवऱ्याचा चामडी पट्टा!

"मीच टाकला," लेक पुटपुटली. "पट्टा नसला की बाबा मारणार नाहीत, असं वाटलं मला."

पट्टा सापडला नाही म्हणून त्याने सकाळी हातांनीच मारलं होतं.

बाई ओल्या फरशीवर बसली. आता रडेल, असं मला वाटलं. पण ती उठली. "चप्पल घाल. मावशीकडे जायचंय."

चप्पल पायात जाते न जाते, तोच कुलपात किल्ली फिरली. नेमका आजच तो लवकर आला होता. बाथरूममध्ये त्याला पट्टा दिसला. त्याने लेकीचा दंड धरला.

"कोणी केलं हे?"

"मी," बाई म्हणाली.

त्याने मला उचललं. पहिला फटका तिच्या पाठीवर, दुसरा मनगटावर. हाड मोडतं, ते दांड्याला कळतं हो. तिसरा लेकीवर उगारला, तेव्हा बाईने दुसऱ्या हाताने माझी वाटी धरली आणि किंचाळली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तो दांडा ओढत राहिला, ती वाटी सोडेना. अखेर मी मधूनच निखळलो आणि तो दांड्यासकट कमोडवर आदळला. डोक्याला खोक पडली. तेवढ्यात शेजारच्या काकू चार माणसं घेऊन धावत आल्या.

सध्या मी पोलीस ठाण्यात मुद्देमालाच्या खोलीत आहे. दांडा एका पिशवीत, वाटी दुसरीत. परवा मला ओळखायला दोघी आल्या. बाईचा हात प्लास्टरमध्ये, पण ओठ भरून आलाय.

"यानेच मारलं का गं आईला?" पोलीसबाईंनी विचारलं.

लेकीने दोन्ही पिशव्या नीट बघितल्या. "दांड्याने मारलं. वाटी आईच्या बाजूने होती."

मंडळी, साक्ष झाली की मला भंगारात टाकू नका. मावशीच्या गल्लीत त्या दोघींनी खोली घेतली आहे, तिथे कमोड असेलच. माझी वाटी त्यांना द्या. दांडा तेवढा नवा बसवा. हलका, प्लास्टिकचा.