नंतर आठवण करा

विषय : संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम तात्काळ बदलावी किंवा कसे.
संदर्भ : १) माझ्या पडद्यावर रोज सकाळी उमटणारी सूचना. २) बाईंचे गेल्या शुक्रवारचे म्हणणे, जे माझ्याच तोंडून झाले.

उपरोक्त विषयी मी, खिडकीजवळच्या टेबलावरचा संगणक, बोलतोय. माझी भाषा कारकुनी वाटेल, त्याला इलाज नाही. माझे मालक छत्तीस वर्षं आस्थापना शाखेत कारकून होते आणि निवृत्तीनंतर त्यांनी जे काही टंकलं ते माझ्यावरच. भाजीची यादीसुद्धा ते अनुक्रमांक घालून करतात.

माझा जन्म कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर झाला. मला जोडणाऱ्या मुलीने माझ्याकडे धड पाहिलंही नाही. तिच्यापुढे माझ्यासारखे शंभर रांगेत उभे होते. इथे आल्यावर पहिली तीन वर्षं मात्र सुखाची गेली. मालकांचे अर्ज, संपादकांना पत्रं, आणि दुपारी पत्त्यांचा एक डाव. हरायची वेळ आली की ते मला बंद करीत.

मग बाईंची जीभ जड झाली. बाई म्हणजे मालकांची पत्नी. शाळेत भूगोल शिकवायच्या. त्या हजेरी घेऊ लागल्या की शेजारच्या वर्गातली मुलंही उठून 'हजर' म्हणत. आजाराने आधी त्यांचं बोलणं नेलं, मग पाय, मग हात. उजव्या हाताची तर्जनी तेवढी राहिली. तेव्हा माझ्यात एक प्रोग्रॅम घातला गेला. पडद्यावर अक्षरं एकामागून एक उजळतात, हवं ते आलं की बाई बोटाखालचं बटण दाबतात, आणि वाक्य पुरं झालं की ते मी मोठ्याने म्हणतो.

त्या प्रोग्रॅममध्ये मराठी बोलणारा एकच आवाज होता, तोही पुरुषाचा, सर्दी झाल्यासारखा. मी पहिलं वाक्य बोललो तेव्हा मालक खुर्चीतून अर्धवट उठले. त्यांच्या जुन्या साहेबांचा आवाज असाच होता म्हणे.

काही शब्द बाईंनी तयार ठेवले आहेत, एका दाबात निघणारे. पाणी. नको. पुरे. आणि सगळ्यांत वर, 'अहो'. सात वर्षांत मी सर्वांत जास्त वेळा काय बोललो असेन, तर हाच शब्द.

बाईंच्या एका वाक्याला चार मिनिटं लागत. चार मिनिटं थांबणारा माणूस मी गेल्या शुक्रवारपर्यंत पाहिला नव्हता. एकदा त्यांनी 'खिडकीत' एवढंच लिहिलं होतं. मालकांनी खिडकी लावली, मग उघडली, पडदा ओढला, पडदा सारला, "काय ते एकदा नीट सांग बाई," म्हणून वैतागून चष्मा शोधायला आत निघून गेले. मग मी रिकाम्या खोलीला सांगितलं, "खिडकीत तुमचा चष्मा आहे."

आता मुद्द्यावर येतो. या वर्षी बोट थकू लागलं. चार मिनिटांची अकरा झाली. दूर राहणाऱ्या मुलीने एक कॅमेरा पाठवला. नजर ज्या अक्षरावर थांबेल ते अक्षर तो उमटवतो. पण तो फक्त नव्या सिस्टीमवर चालतो. त्याच्या किमतीत दोन संगणक आले असते, त्यामुळे नवा संगणक हा विषय आपोआप बंद झाला.

दुरुस्तीवाला येऊन मला उघडून पाहून गेला. म्हणाला, "काका, दोन तासांचं काम आहे. फक्त तुमचा हा बोलणारा प्रोग्रॅम नव्यावर चालायचा नाही."

"आणि आवाज?"

"नवा मिळेल की. बाईमाणसाचा आहे. एकदम गोड."

"गोड?" मालक म्हणाले. "हिला?"

बाईंच्या बोटाखालून मी लगेच म्हणालो, "अहो."

"नाही जमलं तर जुनं परत घालता येतं ना?" मालकांनी विचारलं.

"नाही काका. टाकलं की टाकलं."

त्याच दिवशी मालकांनी प्रोग्रॅमच्या कंपनीला अर्ज केला: सदर आवाज नव्या प्रणालीत वर्ग करता येईल किंवा कसे, याबाबत कळवावे. कॅमेरा खोक्यासकट पलंगाखाली गेला. आणि रोज सकाळी पडद्यावर सिस्टीम बदलण्याची सूचना आली की मालक 'नंतर आठवण करा' हे बटण दाबू लागले. असे बेचाळीस दिवस गेले.

शुक्रवारी मुलीचा फोन आला. मालकांना ऐकू कमी येतं, म्हणून फोनचा आवाज खोलीभर होता.

"बाबा, बोट पुरतं थांबल्यावर शिकवणार का तिला? बोट चालतंय तोवर डोळ्यांनी लिहायची सवय होऊ दे."

"उत्तर येऊ दे."

"कुणाचं? ती कंपनी आहे का तरी अजून?"

"नाही, असं कुठे कळवलंय त्यांनी?"

"बाबा, काय बोलताय तुम्ही."

मालकांनी फोन दुसऱ्या कानाला धरला. मग म्हणाले, "सात वर्षं मी या आवाजाशी भांडतोय. उद्या दुसरंच कुणी माझ्याशी भांडायला लागेल. त्याला मी काय उत्तरं देऊ?"

इकडे बाईंनी लिहायला घेतलं होतं. अक्षरागणिक मला कळत होतं, पण वाक्य पुरं झाल्याशिवाय मला बोलायची मुभा नाही. त्यांनी एक शब्द खोडला, पुन्हा लिहिला. फोन संपला. मालक उठले, दारापर्यंत गेले, पडद्यावरचं अर्धं वाक्य त्यांना दिसलं, आणि ते परत येऊन बसले. एवढ्या वर्षांत प्रथमच. अठरा मिनिटांनी मी बोललो.

"आवाज माझा नाही. शब्द माझे आहेत. सोमवारी करा."

माझ्या गच्छंतीचा हुकूम मीच वाचून दाखवला, एकही अक्षर न गाळता.

"कोणत्या सोमवारी?" मालकांनी विचारलं. मुरलेला कारकून तो.

"अहो," मी म्हणालो.

मालक वाकले आणि त्यांनी पलंगाखालून खोकं बाहेर ओढलं.

आज रविवार. कॅमेरा माझ्या कपाळावर बसवून झाला आहे. आज दुपारी मालक काही काम नसताना दोनदा खोलीत येऊन उभे राहिले. बाईंनी दोन्ही वेळा तोच सगळ्यांत वरचा शब्द निवडला.

माझी विनंती एकच आहे. उद्यापासून बाईंच्या खुर्चीतून कुठल्याही आवाजात बोलणं आलं, तरी वाक्य पुरं होईपर्यंत कुणी उठू नये.

दुरुस्तीवाला सकाळी दहाला येणार आहे. कंपनीला दुसरं स्मरणपत्र गेलं आहे. उत्तर नाही. अर्ज प्रलंबित आहे.