जिवंत लस

डॉक्टर स्वरालीने कुपी दोन बोटांत धरून हलवली, आणि शालनने सरदारचं तोंड दोन्ही हातांनी वर उचलून धरलं. सरदार शहाण्यासारखा टेबलावर उभा होता. खाली चिंगी शेपूट पायांत घालून बसली होती. तिची पाळी नंतर.

"नाकात थेंब सोडायचे फक्त. सुई नाही, काही नाही," स्वराली म्हणाली. वारज्याच्या या जनावरांच्या दवाखान्यात ती नवी होती. वयाने लहान, बोलायला मऊ. "एक विचारायचं राहिलंच, काकू. घरी कुणी मोठं आजारी नाही ना? किंवा तान्हं बाळ?"

"तान्हं न्हाई कुणी. मालकांची किडनी बदलल्याली हाय, जानेवारीत."

स्वरालीचा हात थांबला. तिने कुपी परत ट्रेमध्ये ठेवली आणि स्टूल ओढून घेतलं. शालनने सरदारचं तोंड तसंच वर धरून ठेवलं होतं.

"सोडा त्याला, काकू. बसा जरा."

मग तिने समजावून सांगितलं. ही लस जिवंत असते. म्हणजे कुत्र्यांच्या साथीच्या खोकल्याचाच जंतू, पण दुबळा केलेला. कुत्र्याला त्याने आजार होत नाही, पण पुढचे काही आठवडे शिंकेतून, लाळेतून तो थोडाथोडा बाहेर पडत राहतो. धडधाकट माणसाला त्याचं काही नाही. पण नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून काकांना ज्या गोळ्या चालू असतील, त्या माणसाची प्रतिकारशक्तीच दाबून ठेवतात.

"मग त्यास्नी काय हुईल?"

"बहुतेक काहीच नाही होणार. पण 'काहीच होणार नाही' असं मी छातीठोक नाही सांगू शकत."

"मग नगंच ती लस."

"नको म्हणावं, तर बाहेर साथ आहे." स्वरालीने खिडकीकडे पाहिलं. समोरच्या टॉवरमधली निम्मी कुत्री त्या आठवड्यात खोकत या टेबलावर येऊन गेली होती. "या कुत्र्यांना तिची लागण झाली, तर घरात येईल तो जंतू दुबळा नसेल."

"सुईतली मिळत न्हाई का?"

"तिच्यात मेलेला जंतू असतो, ती चालली असती. पण सध्या कुठेच नाहीये. मी सगळीकडे विचारलं."

शालनने टेबलाच्या कडेला हात टेकला. "तुमच्या घरात असं असतं, तर तुमी काय केलं असतं?"

स्वराली सरदारच्या कानामागे खाजवत राहिली. "तुम्ही त्यांच्या किडनीच्या डॉक्टरांना विचारा, काकू. ते हो म्हणाले तर मी लगेच घालते."

किडनीच्या डॉक्टरांकडे दुसऱ्याच दिवशी तपासणीला जायचं होतं. मालकांना, म्हणजे हिंमतरावांना, रक्त द्यायला आत नेल्यावर शालन डॉक्टरांच्या केबिनच्या दारात उभी राहिली आणि तिने घाईघाईत सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ऐकलं ते एकच.

"कुत्री? तुमच्या घरात कुत्री आहेत?"

"घरात न्हाईत. खाली, पार्किंगमधी असत्यात. जिन्याला जाळीचं दार केलंय."

"नसतील तर उत्तम. बाकी लशीचं मला काय विचारता? ते व्हेटला विचारा."

ती मागे सरली. तिच्यामागे रांगेत माणसं होतीच.

बाहेरच्या बाकावर बसून ती हिंमतरावांची वाट पाहत राहिली. याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, किडनी द्यायची परवानगी देणाऱ्या समितीने तिला खुर्चीवर बसवून, समोर कॅमेरा लावून विचारलं होतं, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? किडनी स्वखुशीने देताय का? प्रश्न तिला नीट कळला होता आणि उत्तर तिच्याकडे तयार होतं. "माझ्या खुशीनं देते," ती म्हणाली होती. एवढंच. तेव्हा तिला पदरही सावरावा लागला नव्हता. आणि आता कुत्र्याच्या नाकात थेंब घालायचे की नाही, या एवढ्याशा गोष्टीने तिला घाम फुटला होता.

हायवेच्या कडेची जमीन टॉवरवाल्यांना गेली, तेव्हा हिंमतरावांनी हे दुमजली घर बांधण्यापुरता तुकडा राखला होता. गोठा गेला, बैल तर आधीच गेले होते. राहिली कुत्री. सरदार शेतावरच जन्मलेला. चिंगी मागाहून कुठून तरी आली आणि राहिली. जमीन कुणाला द्यायची, बोअर कुठे घ्यायची, मुलाला, विक्रमला, हडपसरला फ्लॅट घ्यायला किती उचलून द्यायचे, सगळं हिंमतराव ठरवायचे. शालनला कळायचं ते ठरल्यावर. तिला त्याचं वाईट वाटल्याचं कधी आठवत नव्हतं. ठरवणाऱ्याच्या डोक्याला ताप, आपण आपला स्वयंपाक बघावा.

त्या संध्याकाळी तिने विक्रमला फोन लावला. तो गाडीतच होता, मागे हॉर्न वाजत होते.

"आई, मी नेटवर पाहिलं. दोन्ही बाजूंनी रिस्क आहे."

"ते मला म्हाईत झालंय. करू काय?"

"तू बघ ना. तिथलं तुला जास्त कळतं."

फोन ठेवून ती हिंमतरावांच्या खोलीत गेली. ते खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. खिडकीतून खालची फरशी दिसायची, आणि फरशीवर आडवी पडलेली कुत्री. जानेवारीपासून ते खाली उतरले होते ते दवाखान्यात जाण्यापुरते. तेही कुत्र्यांना मागच्या बाजूला बांधल्यावर.

तिने त्यांना दोन्ही बाजू सांगितल्या. जमतील तेवढ्या नीट सांगितल्या. त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं.

"तुला काय वाटतं ते कर," ते म्हणाले.

हे वाक्य ऐकावं असं तिला तरुणपणी कधीकधी वाटलं असेल. आता ते कानावर पडलं आणि तिला वाटलं, उंबऱ्यावर उभं करून कुणीतरी मागून दार लावून घेतलं.

मग तिनेच एक वाट काढली. लस घालायची, आणि दवाखान्यातून कुत्री घरी न आणता परस्पर पोपटभावजींकडे पाठवायची. पोपट हिंमतरावांचा चुलतभाऊ, मुठा खोऱ्यात त्याची थोडी शेती होती. तिथे महिनाभर राहिली, शिंकायचं ते शिंकली, की परत आणायची. पोपटकडे हल्ली दुसरं कुत्रं नव्हतं. त्याचं गेल्या साली बिबट्याने नेलं होतं. "रात्री आत कोंडीन की, वहिनी," तो फोनवर म्हणाला, "तुमी काय काळजी करू नका." त्याने रविवारी टेम्पो घेऊन येतो म्हणून सांगितलं. शालनला पुष्कळ दिवसांनी जरा शांत झोप लागली.

रविवारी सकाळी ती दोघांना घेऊन चालतच दवाखान्यात गेली. सरदार वाटेत दोनदा थांबला, पण वय झालं होतं, हल्ली तो थांबायचाच. टेबलावर घेतल्यावर स्वरालीने आधी त्याच्या गळ्याखाली बोटांनी हलकेच दाबून पाहिलं. सरदारने मान लांबवली आणि खोकला. कोरडा, घोगरा, घशात हाड अडकल्यासारखा. मग पुन्हा. खोकून झाल्यावर त्याने ओठ चाटले, चूक झाल्यासारखे.

शालनने स्वरालीकडे पाहिलं. स्वरालीने कुपी उघडलीच नाही.

"कधीपासून आहे, काकू?"

"न्हाई हो. आत्ताच. मी तर ऐकला न्हाई."

"आत्ताचा नाहीये हा. चार-पाच दिवस झाले असतील." ती वाकली. सरदारच्या मिशांना, हनुवटीच्या पांढऱ्या केसांना काहीतरी पिवळं चिकटून सुकलं होतं. तिने ते नखाने खरवडून हुंगलं. "हळद आणि मध. तुम्ही दिलंत ना? छान केलंत, पण मला आधी सांगायला हवं होतं. आता लशीचा उपयोग नाही. चिंगीलाही लागला असणार."

शालनने काहीच दिलं नव्हतं. ती फक्त मान डोलवत राहिली. स्वरालीने औषधं बांधून दिली, काकांना यांच्या जवळपासही येऊ देऊ नका म्हणून बजावलं, आणि दारापर्यंत सोडायला आली.

घरी आल्यावर शालनने कुत्री मागच्या बाजूला बांधली, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि ती वर गेली. हिंमतराव खुर्चीतच होते.

"किती दिस झालं?" तिने विचारलं.

कशाचं, असं त्यांनी विचारलं नाही. "बुधवारपासनं. रातचा खोकायचा."

"आन् तुमी खाली जात हुता."

"दुपारी. तू जरा पडलीस की."

"मास्क लावून?"

हिंमतराव खिडकीबाहेर बघत राहिले. "मास्क लावला की त्यो वळखत न्हाई मला. गुरगुरतो."

शालनचा हात आपसूक डाव्या कुशीवर गेला. व्रण आता दुखत नसे, कधीमधी ओढ लागल्यासारखं व्हायचं तेवढंच. हिंमतरावांनी तो हात पाहिला आणि मान खाली घातली.

"मला सांगायचं तरी," ती म्हणाली.

"सांगितलं असतं, तर तू त्यास्नी धाडलं असतंस."

"आता न्हाई का धाडावं लागणार?"

मग ते खालच्या आवाजात, तिच्याकडे न बघता म्हणाले, "समदी मला जपत्यात, शालन. तू जपतीस, विक्रम लांबूनच बोलून जातो. ईल त्यो दारातनं इचारतो, बरं हाय का. त्या एकट्याला तेवढं ठावं न्हाई, मी आजारी हाय ते."

तिला खूप बोलायचं होतं. आठ महिन्यांच्या उकळलेल्या पाण्याचं, वेगळ्या ताटावाटीचं, दर खेपेला रिपोर्ट हातात येईपर्यंत धरून ठेवलेल्या श्वासाचं. त्याऐवजी तिने हॉस्पिटलच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या बाईने ताप आहे का, दम लागतो का विचारलं. नाही म्हटल्यावर उद्या सकाळी रक्ताला आणि छातीच्या फोटोला आणा म्हणाली, आणि कुत्री आजच्या आज घरातून हलवा म्हणाली. पुढे काय होईल, ते तिलाही सांगता येत नव्हतं.

विक्रमला कळवलं, तर तो म्हणाला, "मग लस आधीच द्यायला हवी होती, आई."

"व्हय," शालन म्हणाली. "द्यायला हवी हुती."

पोपट दुपारी टेम्पो घेऊन आला. तोंडाला गमछा बांधून त्याने चिंगीला उचलून मागे ठेवलं. ती आत कोपऱ्यात जाऊन बसली. सरदार मात्र जाग्यावरून हलेना. जिन्याच्या जाळीच्या दाराला पाठ लावून बसला. पोपटने भाकरी दाखवली, साखळी ओढली, पोटाखाली हात घातला. सरदारने दात दाखवले. जन्मापासून ओळखीच्या माणसाला त्याने पहिल्यांदाच दात दाखवले होते. शालनने त्याला चुचकारलं, हाताने ढकललं. तेवढ्यानेही त्याला खोकला आला, आणि खोकून झाल्यावर तो पुन्हा तिथेच बसला.

पोपटने गमछ्याने घाम पुसला आणि वर पाहिलं. गॅलरीत हिंमतराव येऊन उभे होते. कठड्याला धरून, मास्क लावून.

"दादा, तुमीच बोला आता. तुमच्याबिगर ह्यो उठायचा न्हाई."

हिंमतरावांनी शालनकडे पाहिलं. तिने नजर चुकवली नाही, पण मानही हलवली नाही. मग त्यांनी मास्क हनुवटीखाली ओढला.

"सरदार!" ते ओरडले. "गाडीत!"

हा आवाज शालनने आजारपण सुरू झाल्यापासून ऐकला नव्हता. शेतात या बांधावरून त्या बांधावर जायचा तो आवाज. सरदार तीरासारखा उठला. म्हातारपण, खोकला, काही नाही. एका उडीत टेम्पोत. भाजी मार्केट यार्डात न्यायचे दिवस होते, तेव्हा भाजीच्या क्रेटच्या थप्पीवर मालक आणि कुत्रा शेजारीशेजारी बसून जायचे. सरदार कडेला सरकला, शेजारची जागा मोकळी ठेवून बसला आणि वर बघत शेपूट हलवू लागला.

पोपटने मागचा फळका लावला, खीळ घातली. "फोन करतो, वहिनी," म्हणाला, आणि टेम्पो गेटाबाहेर वळला. सरदार भुंकलासुद्धा नाही. वळणापर्यंत त्याची शेपूट दिसत होती.

वर गॅलरी रिकामी झाली होती. बेसिनचा नळ सोडल्याचा आवाज आला. दवाखान्यातून शिकवून दिलं होतं तसे हिंमतराव हात धूत असतील, बोटांच्या बेचक्यांतून, मनगटापर्यंत. पाणी वाहतच राहिलं. हात धुवायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ. शालनने जिन्याच्या कठड्यावर हात ठेवला होता. पाय मात्र उचलला नाही. फरशीवर पडलेली भाकरी तिने उचलली, तिची धूळ झटकली, आणि नळ बंद होईपर्यंत ती खालीच उभी राहिली.