साच्याखालचं पत्र

बोलणारा मी एक पावाचा साचा आहे. पत्र्याचा, वीतभर लांब, चार बोटं खोल, काठाला दुमड घातलेला. दुबईत देरा नावाच्या भागातल्या एका घरी, स्वयंपाकघराच्या फळीवर मी सात वर्षं पालथा पडून होतो. माझ्या पोटात गंजाचे दोन ठिपके पडले. ते घासले की जातात. पण एक गोष्ट माझ्या बुडाखाली घडली, ती काही केल्या जात नाही. ती सांगतो.

माझा जन्म अमेरिकेतला, पेनसिल्व्हेनियातला. तिथे अमिश नावाची माणसं राहतात. धर्माला घट्ट धरून असलेली, साधी माणसं. घरात वीज घेत नाहीत, मोटार ठेवत नाहीत, घोडागाडीने फिरतात आणि पाव घरीच भाजतात. अशाच एका घरात मी आलो. दर शनिवारी घरची आई पीठ मळायची आणि तिची मुलगी सलोमी शेजारी स्टुलावर उभी राहून बघायची. बघता बघता ती स्वतः मळू लागली.

अठराव्या वर्षी सलोमीने सगळ्या गावासमोर धर्माची शपथ घेतली. एकविसाव्या वर्षी ती मोडली. तिला नर्स व्हायचं होतं, आणि त्यांच्यात आठवीपुढे कोणी शिकत नाही. शपथ मोडणाऱ्याबरोबर एका टेबलाशी बसून जेवायचं नाही, असा त्यांचा नियम. निघताना बाप तिला म्हणाला, "तू या घरची आहेस. या टेबलाची नाहीस." आई मागच्या दारी आली, मला सलोमीच्या बॅगेत कोंबलं आणि आत निघून गेली.

त्यानंतर दहा वर्षं आईचं एक अक्षर आलं नाही.

सलोमी नर्स झाली, कोल्हापूरकडच्या एका दवाखान्यात चार वर्षं राहिली, तिथे मोडकंतोडकं मराठी शिकली. तिथून दुबईला आली. खाडीजवळ बायकांचा एक लहानसा दवाखाना होता, त्याच्या मागे तिला दोन खोल्या मिळाल्या. दुबईत तेव्हा वाळू पुष्कळ आणि पक्की घरं थोडी. कोकणातली माणसं मात्र होती. त्यांना 'सलोमी' म्हणता येईना. त्यांनी तिची सलमाबाय करून टाकली.

मैमुनाबी तिच्याकडे घरकामाला येऊ लागली ती १९६१ साली. दाभोळच्या खाडीकाठची. तिचा नवरा हारुन देऱ्यात एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात कारकून होता. मैमुनाला दोन मुलं झाली होती, गावी, सुईणीच्या हातून. दोन्ही रडली नाहीत. तिसऱ्या खेपेला हारुनने तिला जहाजात बसवून दुबईला आणलं, कारण तिथे सलमाबाय आहे असं त्याने ऐकलं होतं.

शनिवारी दोघी मिळून पाव करायच्या. कोमट पाण्यात साखर, तिच्यावर यीस्टचे दाणे. थोड्या वेळाने फेस यायचा. मग मीठ, तेल, आणि मूठमूठ करून मैदा. सलोमी मनगटाने पीठ रेटायची, दुमडायची, पुन्हा रेटायची.

"आमच्या तांदळाच्या सांदणाचं पीठ असंच फुगतं," मैमुना म्हणायची. "पण त्याला मार नाही लागत."

"याला लागतो," सलोमी हसायची. "मार, मग आराम. मग पुन्हा मार."

ओल्या फडक्याखाली पीठ दुप्पट व्हायचं. पेनसिल्व्हेनियात त्याला तास लागे, दुबईत अर्धा. मग त्यात मूठ घालून वारा काढायचा, वळी करून माझ्यात ठेवायची. वळी पुन्हा फुगून माझ्या काठाच्या बोटभर वर आली, की मी स्टोव्हवरच्या पत्र्याच्या भट्टीत. पाव बाहेर आला की सलोमी त्याच्या बुडाला टिचकी मारायची. पोकळ आवाज आला तर झाला.

अशाच एका शनिवारी मैमुनाने विचारलं, "सलमाबाय, तुम्ही कधी घरी जाणार नाही?"

"बोलावलं नाही कोणी." तिचे हात थांबले नाहीत. "आईचा एक कागद येऊ दे. दुसऱ्या दिवशी निघेन. जे विमान मिळेल त्याने."

मैमुनाला तेव्हा पाचवा महिना होता. तिने त्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही. निदान मला तसं वाटलं.

दवाखान्याचं टपाल हारुनच्या ऑफिसच्या पेटीत यायचं. तो ते घरी आणी आणि मैमुना सकाळी येताना घेऊन येई. डिसेंबरच्या तीन तारखेला ती आली तेव्हा सलोमी बाहेर गेली होती, कोणाचं तरी बाळंतपण होतं म्हणून. मैमुनाच्या हातात एकच पाकीट होतं. तिला इंग्रजी येत नव्हतं. पण हारुनने रात्री पत्ता वाचून दाखवला होता: "पेनसिल्व्हेनिया. तिच्या घरचं दिसतंय. खूष होईल बघ बाई."

ती स्वयंपाकघरात उभी राहिली. सातवा महिना लागला होता. एक हात पोटावर, एका हातात पाकीट. मग तिने मला फळीवरून उचललं. माझ्याखाली जाड खाकी कागद अंथरलेला होता. त्याखाली पाकीट सरकवलं आणि मला वर ठेवून दिलं.

"दोन महिने," ती पुटपुटली. "फक्त दोन महिने. मग देते. या अल्ला, दोन महिन्यांनी काय बिघडतंय?"

मी ऐकत होतो. मला तोंड नाही.

संध्याकाळी हारुनने विचारलं, "दिलंस ना?" ती म्हणाली, "दिलं." हे मला पुढे कळलं, तिच्याच घरी राहायला गेल्यावर.

मग दर शनिवारी सलोमी मला फळीवरून उचलायची आणि पाव झाल्यावर, धुऊन पुसून, पुन्हा तिथेच ठेवायची. तिच्या आईचे शब्द तिच्या बोटांपासून एका कागदाच्या अंतरावर होते. एकदा खाकी कागदाचा कोपरा वर आला होता. सलोमीने तो तळहाताने दाबून सारखा केला. मैमुना भांडी घासत होती. तिच्या हातातली वाटी मोरीत पडली.

"बस जरा," सलोमी म्हणाली. "तुला काम होत नाही आता. मी करते." तिने मैमुनाला स्टुलावर बसवलं, गरम पावाचा तुकडा कापून लोणी लावून दिला. मैमुनाने तो न खाता फडक्यात बांधून ठेवला.

"नंतर खाते," ती म्हणाली.

फेब्रुवारीच्या सहा तारखेला, भर दुपारी, मैमुनाला कळा आल्या. मूल आडवं होतं. तीन तास दवाखान्यातून तिचा आवाज येत होता. मग तो थांबला, आणि दुसरा आवाज आला. बारीक, चिडलेला, जिवंत. सलोमी हात धुवायला आली तेव्हा तिच्या कोपरापर्यंत रक्त होतं आणि ती स्वतःशीच हसत होती. मुलगी झाली होती. अजरा.

सलोमी नसती तर आई आणि मूल, दोघंही गेली असती. हे सगळ्यांना माहीत होतं. मैमुनालाही. म्हणून तर ही गोष्ट सोपी नाही.

बाराव्या दिवशी मैमुना बाळाला घेऊन आली. सलोमी दवाखान्यात होती. मैमुनाने मला उचललं, पाकीट काढलं, पदराला पुसलं. सलोमी आत आली तशी ती म्हणाली, "सलमाबाय, कागद आलाय. आजच आला."

सलोमीने अक्षर ओळखलं. ती उभ्या उभ्याच वाचू लागली. पत्र लहान होतं. तिने ते मैमुनाला मराठीतून सांगितलं, घाईघाईत, अडखळत: "आई म्हणते, पोटात गाठ आहे. डॉक्टर म्हणतो थोडे दिवस. बाबा म्हणाले... मैमुना, बाबा म्हणाले, तिला येऊ दे. चुलीजवळ बसू दे." मग तिने वर तारीख पाहिली. नोव्हेंबरची होती. तिचा चेहरा उतरला. "किती फिरलं असेल बिचारं. कुठे कुठे पडून राहिलं असेल."

तिने त्याच दिवशी तार केली. उत्तराला चार दिवस लागले. आईला जानेवारीच्या नऊ तारखेला पुरलं होतं.

त्या दिवशी सलोमी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडली. मैमुनाच्या खांद्यावर डोकं ठेवून. मैमुना तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि डोळे मिटून घेत होती. "टपालाची चूक," सलोमी म्हणत होती. "कोणाचा दोष नाही. कोणाचा दोष नाही." फळीवरून मला वाटत होतं, आता तरी बोल बाई.

हारुन भेटायला गेला तेव्हा सलोमीने त्यालाही तेच सांगितलं, की पत्र फार उशिरा आलं. हारुनला तारीख ठाऊक होती. घरी येऊन त्याने टोपी काढली आणि बायकोसमोर बसला.

"मैमुना, ते पत्र मी तुझ्या हातात दिलं होतं."

तिने सगळं सांगितलं. तो ओरडला नाही. बाळाकडे बघत राहिला.

"अल्ला माफ करणारा आहे," शेवटी तो म्हणाला.

"अल्ला करेल," ती म्हणाली. "पण पत्र अल्लाचं नव्हतं."

"मग ज्याचं होतं त्याला सांग. ती जायच्या आत."

सलोमी निघणार होती. बाप एकटा पडला होता. जायच्या आधीच्या शनिवारी तिने शेवटचा पाव करायला घेतला. मैमुना दारात उभी होती. पीठ अर्धं मळून झालं होतं.

"सलमाबाय, टपालाची चूक नव्हती."

सलोमीने मान वर केली.

"तीन डिसेंबरला आलं होतं. मी लपवलं. तुम्ही निघून जाल म्हणून. मला वाटलं, हेही रडणार नाही..."

सलोमीचे हात पिठात होते तसेच राहिले. तिने बोटांवर हिशेब केला नाही, पण मला कळलं की ती मोजते आहे. आईला नऊ जानेवारीला पुरलं. मध्ये पाच आठवडे होते.

"कुठे होतं?" तिने विचारलं.

मैमुनाने माझ्याकडे बोट केलं. "याच्याखाली."

सलोमीने माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ती मला हाताळत होती, पण असं तिने कधी पाहिलं नव्हतं. मग तिने हात धुतले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. पीठ कोणी झाकलं नाही. ते फुगलं, परातीच्या काठावर आलं आणि हळूहळू मध्ये खचलं. मैमुना तिथेच उभी होती. तिने ना पिठाला हात लावला, ना निघून गेली.

दीड तासाने सलोमी आत आली. डोळे कोरडे होते.

"आमच्यात माफ करावंच लागतं," ती सावकाश म्हणाली. "लहानपणापासून शिकवतात. मी करीन, मैमुना. पण आज माझ्यापाशी नाही. असतं तर दिलं असतं."

"मी मागत नाही," मैमुना म्हणाली. "सांगायचं होतं फक्त."

"अजरा दूध पिते नीट?"

"पिते."

"बरं," सलोमी म्हणाली आणि परात उचलून खचलेलं पीठ बाहेर बकऱ्यांना टाकून आली.

सोमवारी ती गेली. मला तिने बॅगेत घातलं नाही. खोली आवरताना मैमुनाला मी रिकाम्या फळीवर दिसलो. तिने मला फडक्यात गुंडाळून घरी आणलं आणि पालथं ठेवलं. तिला मला वापरवेना आणि टाकवेना. हारुनने दोनदा पत्र लिहून दिलं, तिच्या तोंडचं, पेनसिल्व्हेनियाच्या पत्त्यावर. उत्तर आलं नाही. ती उत्तराची वाट बघत नव्हती, असं ती म्हणायची. हारुन टपाल घेऊन यायच्या वेळी मात्र तिचं लक्ष दाराकडे असायचं.

अजरा वाढली. इंग्रजी शाळेत जाऊ लागली, आईने मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देऊ लागली. गेल्या महिन्यात तिने स्टुलावर चढून मला खाली काढलं.

"अम्मी, व्हॉट इज धिस?"

मैमुना कांदा चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली. सात वर्षांच्या पोरीला काहीतरी सांगून गप्प करता आलं असतं. तिने तसं केलं नाही. समोर बसवून सगळं सांगितलं. सलमाबाय, पत्र, फळी, तार. काही गाळलं नाही.

अजराने मला उलटं करून बुडाकडे पाहिलं. मग ती चक्क मराठीत बोलली.

"पण अम्मी, तू असं का केलंस?"

मैमुनाच्या ओठांवर दोन शब्द आले. मी समोरच होतो, मला दिसले. 'तुझ्यासाठी केलं.' ते खरेही होते. त्या दोन शब्दांनी तिचं निम्मं ओझं उतरलं असतं. पण ते उतरून कोणाच्या खांद्यावर गेलं असतं, हे तिला समोर दिसत होतं. फ्रॉक घातलेली, दोन वेण्यांची पोर.

तिने ते शब्द गिळले.

"मी घाबरले होते," ती म्हणाली. "माझी चूक. माझ्या एकटीची."

दुसऱ्या दिवशी तिने राखेने आणि लिंबाने मला घासलं. शनिवारी पीठ मळलं. पाव एका अंगाने फुटला, पण बुडाला टिचकी मारली तर आवाज पोकळ आला. मायलेकींनी तो कापडात बांधून दवाखान्यात नेला आणि बाळंतिणींना वाटला. मैमुनाने स्वतः चाखला नाही. अजूनही चाखत नाही. त्यानंतर दर शनिवारी असंच चाललं आहे.

तर असा मी. आता गंज कमी आहे, काठ थोडा वाकलाय, आणि कामाला लागलोय. तुम्हाला एवढंच सांगणं आहे: कोणाचा कागद तुमच्या हातात आला तर तो त्याच्या हातात द्या, त्याच दिवशी, मग पुढे तुमचं काय व्हायचं ते होवो. मला सांगता आलं नाही, कारण मी पत्रा आहे. तुम्हाला तोंड आहे.

बाहेर अजराचा आवाज येतोय. पीठ वर आलं असावं. येतो.