देवघरातलं सरकारी पिंप

"देवघरात पिंप ठेवलात तर मी म्हायेरी जाईन," मथुराकाकी म्हणाली.

"कुटल्या म्हायेरी?" काशीरामकाका म्हणाले. "तुजा भाव मुंबईला. घराला कुलूप हाय."

"मग कुलपाभायेर बसून ऱ्हाईन."

भांडण तिथंच थांबवावं लागलं, कारण बारा माणसं वासे खांद्यावर घेऊन अंगणात पावसात उभी होती आणि वाशांना पिंप लोंबत होतं. बारातले दोघे उंच होते, चौघे बुटके. त्यामुळे पिंप तिरकं होतं आणि बुटक्यांचा आवाज बंद झाला होता. शेवटी काकीच बाजूला झाली. मग कळलं की पिंप दारातून जात नाही. चौकट काढली, पिंप आत नेलं, चौकट पुन्हा बसवली, आणि सरकारच्या दारूशेजारी आमचा बाळकृष्ण राहू लागला.

आमची वाडी मालगुंडच्या वर, समुद्राला चिकटून. काशीरामकाका वाडीचे पोलीस पाटील आणि माझे चुलते. पिंप श्रावणातल्या अमावास्येच्या भरतीनं आलं. भरतीनं आमच्याकडं फळ्या येतात, दोर येतात, एकदा खुर्ची आली होती. कोणी काही विचारत नाही. पण पिंपाच्या बुचाशी नाक लावल्यावर गंगाराम भंडारी, जो माडी काढण्यात म्हातारा झाला, तो म्हणाला, "ही आपल्यातली नव्हे." तेवढ्यावर काकांनी कचेरीत चिठ्ठी धाडली. समुद्रातून आलेलं सरकारचं, असा कायदा काकांना पाठ होता. तो पाठ असलेला आख्ख्या किनाऱ्यावर एकच माणूस, आणि पिंप नेमकं त्याच्याच वाडीला लागलं.

कारकून आला. त्यानं बूच काढलं, हुंगून पाहिलं, पंचनाम्यासाठी पुन्हा एकदा हुंगून पाहिलं. आत बांबूची काठी घातली. लिहिलं: 'पिंप काठोकाठ भरलेले. आत तांबडी दारू, अंदाजे सहा मण.' बूच लावलं, वर लाख ओतली, लाखेवर मोहोर उठवली, आणि वरचा हुकूम येईपर्यंत पिंप पाटलांच्या ताब्यात कुलूपबंद जागेत ठेवावं असं सांगून गेला. आमच्या घरात कुलूप एकाच खोलीला, देवघराला.

हे दुसऱ्या कोणाच्या घरात झालं असतं तर गंमत होती. पण काकांचे वडील रावजी दारूनं गेले. जाण्याआधी वीस वर्षं ते रोज संध्याकाळी कोणाच्या तरी बांधावर आडवे असायचे आणि गाव काकांना हाक मारायचं, "रावज्याच्या पोरा, उचल तुजा बापूस." काकांनी सोळाव्या वर्षी गळ्यात तुळशीची माळ घातली ती त्या हाकेसाठी. चाळीस वर्षं थेंबाला शिवले नाहीत. गंगारामच्या माडावरून वारा आला तरी वाट बदलायचे. पाटीलकी मिळाली त्या दिवशी कोणीतरी पहिल्यांदा "काशीराम पाटील" म्हणालं, तर त्यांनी मागं वळून पाहिलं, की कोणाला बोलावतायत. आता तुरुंगाची त्यांना भीती नव्हती. लोक पुन्हा रावज्याचा पोर म्हणतील, ही होती.

मार्गशीर्षात कारकून तपासणीला आला. मोहोर फोडली, काठी घातली, काढली, उजेडात धरली.

"पाटील, चार बोटं गेली."

"कुटं?"

"ते मी विचारतोय."

"मोहोर तर हाय तशी होती, सायेब. तुमीच फोडलात."

"मोहोर होती. दारू नाही. दोन्ही लिहून घेतो." त्यानं दोन्ही लिहून घेतलं, नवी मोहोर केली आणि जाताना काकांच्या तोंडाजवळ जरा वाकून नमस्कार केला.

त्याला वास आला. येणारच. काका रोज सकाळी तासभर देवघरात पूजेला बसायचे, आणि पिंप आतल्या आत घाम गाळत असावं तसं दरवळायचं. काका बाहेर आले की उपरण्याला वास, माळेला वास, कपाळावरच्या गंधाला वास. एकादशीच्या भजनात बुवा आधी टाळकऱ्यांच्या पलीकडं सरकले, मग मृदंगाच्याही पलीकडं. गंगाराम तर उघड म्हणू लागला, "मोहोरेच्या बाजूनं बारीक नळी घालतात. सायबाच्या बापाला कळायचा नाय."

आमच्याकडचा अयूब खलाशी घरी परतला तो यावेळी. अयूब बोटीवर भट्टीत कोळसा मारायचा. एका सफरीत कोळशाच्या ढिगाखाली पाय मोडला, तेव्हा बोटीनं त्याला ओरान नावाच्या बंदरात इस्पितळात ठेवलं आणि बोट निघून गेली. पाय बरा होऊन दुसरी बोट मिळेतो दोन वर्षं गेली, ती त्यानं तिथल्या द्राक्षाच्या मळ्यात काढली. त्यानं पिंपाच्या तोंडावर डागलेली अक्षरं पाहिली, बोट फिरवलं.

"ओरानचा हाय," तो म्हणाला. "आमच्याच गोदामातला नसला तर शेजारच्या."

कोणाला फारसं नवल वाटलं नाही. अयूब लंगडत तिथून इथवर आला, मग पिंपाला तर लंगडंही व्हायचं नव्हतं.

"पाटील, तुमी घाबरू नका," अयूब म्हणाला. "लाकूड पिता."

"काय?"

"लाकूड दारू पिता. पिंपाच्या फळ्यांतनं भायेर सुकते. तो मुलूखच तसा. सहा-सहा म्हयने पाऊस नाय. माती आपल्यावानी तांबडी, पन ढेकूळ हातात घेतलात तर पीठ. द्राक्षाची झाडा गुडघ्याएवडी, पंगतीला बसल्यासारकी वळीत. त्यांना पानी देत नायत."

"पानी न देता पीक?" गंगारामनं विचारलं. आमच्याकडं चार महिने पाणी छपरातून, भिंतीतून, चुलीतून येतं.

"जितकी तान, तितका दाना गोड. दुपारी त्वांड उगडलात तर जीभ सुकते. म्हनून गोदामा अर्दी जमिनीत, खाली वल्ली वाळू. तरी दर शनवारी एक मानूस झारी घेऊन फिरतो, पिंपापिंपात घटलेला भरून काढतो. नाय भरला, वर हवा ऱ्हायली, तर दारू नासते. तितला मालक लाकडाला शिव्या देतो, मानसाला नाय."

काका किती दिवसांनी सरळ बसले. मला म्हणाले, "लिव." वाडीत सातवी पास मीच, त्यामुळे अर्ज मी लिहायचो. लिहिलं: 'सदर चार बोटे दारू लाकूड प्याले असून पाटलाचा काही दोष नाही.' मला ते तेव्हा फार नेमकं वाटलं.

दीड महिन्यानं उत्तर आलं. 'लाकूड हा इसम कोण, त्याचे वय, धंदा व राहण्याचे ठिकाण कळवावे. वैशाखात आबकारीचे साहेब जातीने येतील. दारू आणखी कमी भरल्यास पाटलास कामावरून दूर करून खटला करण्यात येईल.'

"वय किती लिवायचा?" काकांनी विचारलं. ते थट्टा करत नव्हते.

मग ऊन आलं. चैत्रात कातळ असा तापला की गुरं सावलीत उभी राहिली ती संध्याकाळी हाकलावी लागली. देवघरातला वास वाढला. काका पिंपाला कान लावून बसायचे. ओल्या गोणत्या गुंडाळल्या, त्या तासाभरात कडक झाल्या. मग पिंपाखाली वाळू ओतून ती भिजवली, तर विहीर आटत आली आणि काकीनं घागर लपवली.

"भरून टाका," काकी म्हणाली. "कोकमाचा आगळ हाय दोन बरन्या. रंग त्योच."

"सरकारचा हाय तो सरकारला," काका म्हणाले. "कमी तर कमी. मी त्यात काय घालनार नाय आनि काडनार नाय."

"तुमी नुस्ते हुंगत बसा."

काकी तेवढ्यावर सोडणारी नव्हती. एका सकाळी काका पाटीलकीचा पट्टा बांधून मालगुंडला कामाला गेले, तेव्हा तिनं शेणामातीचा गारा केला आणि ते पिंप वरपासून खालपर्यंत लिंपून काढलं, जशी ती दरसाल भाताची कणगी लिंपते तसं. कणगीला फट ठेवली की उंदीर जातो, तशी पिंपाला ठेवली तर दारू जाते, हा तिचा हिशोब बरोबर होता. तिनं बूचही लिंपलं. लाखही लिंपली. मोहोर सारवली गेली. लिंपण तीन दिवसांत सुकलं आणि आवळलं, आणि आवळताना बुचावरची लाख ओढून घेऊन तडकलं. शेणाचा तुकडा खाली पडला, त्याला चिकटून मोहोरही पडली, आणि तिच्याबरोबर बूच अर्धं वर आलं.

काकांनी ते पाहिलं. काही बोलले नाहीत. बूच दाबलं, ते पुरतं बसलं नाही, मग मोहोरेचा तुकडा देवापुढच्या ताम्हणात ठेवला, हळदीकुंकवाशेजारी, आणि पूजा पुरी केली. चार दिवसांनी अयूबला बोलावलं तेव्हा त्यानं फटीशी नाक नेलं आणि विचारलं, "कदीपासना उगडा हाय?" काकी म्हणाली, "चार दीस." अयूबनं मान हलवली. कशी, ते कोणाला कळलं नाही.

आबकारीचे साहेब वैशाखात आले. तरुण होते, घामानं भिजले होते, आणि माणूस वाईट नव्हता. त्यांच्यामागं तोच कारकून.

"हे शेण कोणी लावलं?"

"मी," काकी दाराआडून म्हणाली. "कनगीला लावतात म्हनून."

कारकुनानं लिहिलं: 'आरोपीच्या पत्नीने पिंपास शेण लावले.' काका अजून आरोपी झाले नव्हते, पण त्याला दोनदा लिहायचा कंटाळा असावा.

काठी घातली. वीतभर कोरडी निघाली. काकांनी माळ मुठीत धरली. साहेबांनी काठीचं टोक हुंगलं, मग जिभेला लावलं, आणि त्यांचं तोंड असं वाकडं झालं की कारकून सावरायला पुढं आला.

"हा शिरका आहे," साहेब म्हणाले. "पार आंबून गेली. ही दारू नाही."

"दारू नाय?" काका म्हणाले.

"नाही."

"शिरका आबकारीत बसतो काय, सायेब?"

"नाही बसत. शिरक्याशी आमचा काही संबंध नाही."

काकांनी मूठ सोडली. काकीनं आतून पाणी आणि गूळ आणला, साहेबांना, आणि कारकुनालासुद्धा. गंगाराम दारातून डोकावत होता, तो जरा हिरमुसला. एवढी शांतता आमच्या घरात श्रावणापासून नव्हती. ती कारकुनानं गूळ खाऊन होईतो टिकली.

"साहेब," तो बोटं पुसत म्हणाला, "पंचनाम्यात दारू आहे."

"मग?"

"सहा मण दारू. पिंप काठोकाठ. आणि आता पिंपात दारू नाही, असं आपणच म्हणालात. म्हणजे दारू गेली."

साहेबांनी पंचनामा वाचला. परत वाचला. पिंपाकडं पाहिलं.

"सगळी," कारकून म्हणाला.

"आवो ती हितंच हाय," काका म्हणाले. "तीच आंबली."

"पाटील, मला कळतं," साहेब म्हणाले. "पण कागदावर दारू आहे आणि पिंपात शिरका. मोहोर फुटलेली. मी वर काय लिहू?"

"चार बोटांचा जो आरोप होता..." काका म्हणाले.

"तो मिटला," कारकून म्हणाला. "आता सहा मणाचा आहे."

काकांनी पट्टा सोडून दिला, घडी करून. साहेबांनी तो घेताना दोन्ही हात पुढं केले, हे मला आठवतं. मग पिंप न्यायचं ठरलं. पण ते दारातून निघेना, आणि चौकट काढून ते उचलायला बारा माणसं नव्हती. तेव्हा त्याला मुद्देमाल ठरवून नवी मोहोर केली, आणि खटल्याचा निकाल लागेपर्यंत ते आरोपीच्याच ताब्यात, कुलूपबंद जागेत राहील असं लिहिलं.

दोन दिवसांत खाडीपलीकडं बातमी गेली. माणसं येऊ लागली. पिंप बघायला कोणी येत नव्हतं. एकट्यानं सहा मण दारू पिऊन पायावर उभा असलेला माणूस बघायला येत होती. काका ओटीवर बसलेले असायचे, गळ्यात माळ. लोक लांब उभे राहून आपसांत बोलायचे. गंगाराम माडीचं मडकं उतरवून अंगणात आला आणि खरोखरच्या आदरानं म्हणाला, "पाटील, तुमच्या बापसाला मी सोता पाजलंय. जमीन धरायचे अर्द्या मडक्यात. तुमी बापसाचा नाव काडलात."

काकांनी नुसते हात जोडले. बोलले असते तर वास आला असता.

खटल्याच्या आदल्या दिवशी दुपारी अयूब आला आणि ओटीच्या कडेला मोडका पाय लांब करून बसला.

"अयूब," काका म्हणाले, "लाकूड कोन मानत नाय, मीच प्यालो म्हनून सांगनार. चवीला कशी लागते रे ती? उद्या इचारतील. सहा मन प्यालो आनि चव ठाव नाय, आसा कसा सांगू?"

अयूबनं पाय चोळला.

"मला ठाव नाय, पाटील. दोन वरसा मी ती तुडवली, गाळली, पिंपात भरली. कामाला आमी पन्नास मानसा, सगळी नमाजी. चाकली कोनीच नाय. बोटीत चडवायची, बोट जायची. फुडं कोन पितो ते आमी बगितला नाय."

"मग मी आंबट म्हनून सांगतो."

"आंबट सांगू नका," अयूब म्हणाला. "आंबट सांगितलात तर शिरकापन तुमीच प्यालात म्हनतील. पिंप वीतभर कमी हाय."

काकांनी त्यावर नीट विचार केला.

"मग ग्वाड सांगतो," ते म्हणाले.