रूपेशचा डोळा आणि मला न दिसलेला झेंडा

मित्रांनो, मी एक जुनी पहारेकरी पेशी आहे. जुनी म्हणजे पंधरा दिवसांची! हसू नका, आमच्यात एवढ्या वयाला म्हातारीच म्हणतात. चौक गावच्या टेंपोवाल्या रूपेशच्या हाडात मी जन्मले आणि त्याच्या रक्तात गस्त घालायला लागले.

काम सोपं. आजारी पेशी अंगावर झेंडा लावते. तो दिसला की ती पेशी तिथंच संपवायची, आतल्या विषाणूसकट. मागं रूपेशच्या ओठावर ताप उतला, बारीक फोड आले, तेव्हा आम्ही पटापट काम केलं. केवढं कौतुक झालं आमचं!

मग घरची भातझोडणी आली. रूपेशनं फोड खाजवला आणि तोच हात डोळ्याला लावला. डोळा लालभडक!

"कुसळ गेलं असंल रं," त्याची आई सोनुबाई म्हणाली. "बापाच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची बाटली हाय ना फळीवर? टाक दोन थेंब."

झोडणीत डोळा लाल झाला की या घरात कुसळच! अहो, नीट बघा तरी!

मी डोळ्याकडे धावले. तर ओठावर दिसलेला झेंडा तिथं एकाही पेशीवर नाही! विषाणू पेशीत शिरून इवल्याइवल्या चिठ्ठ्या सोडत होता. त्यांना आरएनए म्हणतात. झेंडा अडकवायची खुंटी बनवायचा जो हुकूम असतो, त्यालाच चिठ्ठी चिकटून तो दडपायची. खुंटी नाही, मग झेंडा कुठला? चिठ्ठी एवढीशी, की पकडताही येईना. मी आजारी पेशींच्या दारावरून तीनदा गेले, मित्रांनो, तीनदा! वर त्या थेंबांनी आम्हाला गुंगीच आली.

"आये, उजेड बघवत नाय. टेंपो कसा चालवू?"

चौथ्या दिवशी तो कर्जतला निवेदिता डॉक्टरांकडे गेला.

"आधी ओठावर फोड आले होते?"

"व्हय. त्याचा डोळ्याशी काय संबंध?"

"तोच विषाणू हातानं डोळ्यात गेलाय. आणि थेंब कुणाचे?"

"बाबांचं, उरलेलं."

"अरे देवा! त्यात स्टिरॉइड असतं, त्यानं विषाणू आणखी माजतो. आधी ते बंद कर!"

नवीन औषधानं विषाणूची वाढ थांबली. डोळा वाचला, पण बुबुळावर धुरकट डाग राहिला. समोरच्या गाडीचा दिवा आता रूपेशला फुटलेला दिसतो. पहिल्याच दिवशी गेला असता तर?

माझे दिवस संपले. विषाणू मात्र मज्जातंतूत जाऊन झोपलाय, चिठ्ठ्या उशाशी घेऊन. तो उठेल तेव्हा माझ्या जागी आलेल्या पोरींनाही कदाचित झेंडा दिसणार नाही. म्हणून सांगते, दुसऱ्याचे थेंब डोळ्यात घालू नका, आणि ओठावर फोड आले असतील तर डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांगा. मला दिसत नव्हतं. तुम्हाला फोड तर दिसतात ना!